शिवला की नवा झाला

कलीमभाई म्हणत होते, डाग लाल आहे. मला तो पिवळा दिसत होता.

"मॅडम, मैं झूठ काय को बोलूं? गीला था तब लाल था. एकदम लाल."

"मग आता?"

त्यांनी कोट खिडकीकडे धरला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला. "अब पीला है," ते म्हणाले आणि माझ्याकडेच संशयाने बघू लागले.

कलीमभाई आमच्या वॉशिंग सेक्शनचे इनचार्ज. कापड धुण्यात त्यांची हयात गेली. लाल आणि पिवळ्यात त्यांची गफलत होईल, हे मी मानायला तयार नव्हते. माझी तर होणारच नव्हती, माझं पोट त्यावरच चालतं. कोट एका ग्राहकाचा होता. निळा, जुना, कोपरावर फाटलेला आणि आमच्या हातशिलाईच्या बायकांनी देखणा सांधलेला. डाग आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या टोकाएवढा. मी ढिगातून दुसरा नग उचलला. त्यावरही डाग. तिसऱ्यावर डाग. चौथा स्वच्छ. पाचव्यावर परत डाग. मी स्टूल ओढून बसले.

मी तायडे. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये क्वालिटी बघते. म्हणजे माल बाहेर पडण्याआधी त्यातली खोट शोधायची. माझा नवरा म्हणतो, हे काम तू घरी फुकट करतेस, तिथे पगार घेऊन करतेस. शिक्षण टेक्सटाइल केमिस्ट्रीचं, त्यामुळे रंग उतरला, कापड आटलं, डाग पडला की सगळे माझ्या टेबलाशी येतात. आमचं युनिट तसं शाळेचे युनिफॉर्म शिवणारं. मालक देशमुख साहेब. माणूस भला, पण घाबरट. आणि घाबरले की हुकूम सोडतात.

या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये पुण्याच्या एका कंपनीने वेगळंच काम आणलं. कंपनीचं म्हणणं असं, की दर वेळी नवं घेऊ नका. तुमचा आवडता फाटलेला कपडा आम्हाला पाठवा, आम्ही तो सांधून परत देऊ. सांधायचा जपानी पद्धतीने. तिकडे पूर्वी कष्टकरी लोक कापड फाटलं की खाली दुसरा तुकडा ठेवत आणि पांढऱ्या दोऱ्याने ओळीने धावदोरा घालत. त्या शिवणीला साशिको म्हणतात. असं ठिगळावर ठिगळ चढत गेलेल्या कापडाला म्हणतात बोरो. तेव्हा ते गरिबीचं लक्षण होतं. आता शहरातली शिकली-सवरलेली माणसं हौसेने तसं करून घेतात, कारण एक कपडा उकिरड्यावर गेला की त्याला लागलेला कापूस, पाणी आणि रंगही त्याच्याबरोबर जातो. कापसाच्या गावात राहून हे मला कुणी समजावून सांगायला नको.

काम हाताचं होतं. मी देशमुख साहेबांना म्हटलं, बार्शीटाकळीच्या बायका घेऊ.

"अहो, त्या मशिनवर बसत नाहीत. गुडघे धरतात त्यांचे."

"म्हणूनच म्हणते. या कामात मशीन आहे कुठे?"

या बायका मला माहीत होत्या. पन्नाशी-साठीच्या. शेतातलं निंदण आता झेपत नाही आणि कारखाना दारात उभं करत नाही, अशा. सुई मात्र जन्मापासून हातात, घरोघरच्या वाकळी त्यांनीच शिवलेल्या. साहेब तयार झाले, पण अट घातली. पहिला लॉट पास झाला तर हा हातकामाचा सेक्शन राहील. नाही झाला तर त्या जागी युनिफॉर्मची मशिनं लागतील. लॉट म्हणजे एका खेपेला पाठवायचा सगळा माल. ही अट मी बायकांना पहिल्या दिवशीच सांगून टाकली. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या शोभाबाई गावंडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आमची परीक्षा हाये," त्या म्हणाल्या. "पन पेपर कोन तपासते?"

पेपर तपासणार होत्या मिचिको सान. सान म्हणजे आपल्याकडे बाई किंवा ताई लावतात तसं. कंपनीने त्यांना शिकवायला आणि तपासायला नेमलं होतं. बारीक अंगाच्या, हसऱ्या आणि तपासणीत अजिबात न हसणाऱ्या. त्या दोन आठवडे अकोल्यात राहिल्या, आमच्या बायकांच्या मध्ये मांडी घालून बसल्या आणि तिसऱ्या दिवसापासून ठेचा मागून घ्यायला लागल्या. त्यांचं इंग्रजी तुटक, माझंही त्याच वळणाचं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी मध्ये बसून बायकांना मराठीत सांगायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी 'बोरो' म्हटलं तेव्हा शोभाबाई दचकल्या. "बोरा? पोत्याले बोरा म्हंतो आमी. जपानातून पोते शिवाले आल्या का ह्या?"

आणखी एक शब्द मिचिको सान पुन्हा पुन्हा वापरायच्या, मोत्ताइनाई. त्याचा अर्थ त्यांना इंग्रजीत नीट सांगता येईना. वस्तू अजून कामाची आहे, ती वाया जाते म्हणून वाईट वाटतं, असं काहीतरी. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात शोभाबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता ते संपवलं.

"फेकाले जीव होत नाही, असंच ना?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिचिको सान इतक्या खूश झाल्या, की त्यांनी ते वाक्य पाठ केलं. पुढे जेवताना उरलेल्या भाकरीकडे बघूनही त्या 'जीव होत नाही' म्हणायच्या.

गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या बायकांचा हात रफूचा. कपडा फाटला तर तो फाटला होता हे कुणाला कळता कामा नये, हीच त्यांच्या मते कारागिरी. निळ्यावर निळा दोरा, टाका लपलेला. मिचिको सान म्हणायच्या, लपवू नका. निळ्यावर पांढराच दोरा घाला, टाका तांदळाच्या दाण्यासारखा वर दिसू द्या. बायका मान डोलवायच्या आणि पाठ वळली की परत निळा दोरा ओवायच्या. फाटकं उघडं दाखवायचं, तेही परक्या माणसाच्या कपड्यावर, हे त्यांना लाजिरवाणं वाटे. शेवटी मी निळ्या दोऱ्याची रिळं कपाटात कुलूपबंद केली, तेव्हा कुठे पांढरे टाके दिसू लागले. सॅम्पल म्हणून शिवलेले रुमालाएवढे तुकडे मिचिको सानना पसंत पडले. मग त्या पुण्याला गेल्या आणि ग्राहकांचे खरे कपडे आले.

या कामात एक नियम कडक होता. ग्राहकाचे मूळचे डाग तसेच ठेवायचे, कारण ती त्याची आठवण. आमच्याकडून मात्र एकही नवा डाग पडता कामा नये. म्हणून कपडा आला की आम्ही आतून-बाहेरून त्याचे फोटो काढायचो. मी ते फोटो उघडून बसले. हा पिवळा डाग कुठल्याच फोटोत नव्हता. म्हणजे डाग आमचाच. शनिवारची सकाळ होती आणि सोमवारी माल अमरावतीला कंपनीच्या गोडाऊनमध्ये तपासणीला जायचा होता. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार, अशी माझी गत झाली.

मी नेहमीच्या चोरांपासून सुरुवात केली. मशिनचं तेल? हातकामाला मशीन नाही. गंज? टाचण्या स्टीलच्या, हँगर प्लास्टिकचे. पाणी? मग डाग सगळीकडे पडायला हवा होता. तेवढ्यात देशमुख साहेब आले, डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे जेवणाचे डाग आहेत," त्यांनी जाहीर केलं. "डब्यात पातोडीचा रस्सा आणतात. तेच."

"साहेब, रश्श्याचा डाग ओघळतो. हा गोल आहे."

"गोल काय, चौकोनी काय. आजपासून सेक्शनमध्ये डबे बंद."

हुकूम सुटला. बायकांना मिरच्या झोंबल्या. त्या रोज हात साबणाने धुऊन, पदराला पुसून, मग कपड्यांपासून लांब बसून जेवायच्या, हे मी डोळ्यांनी बघत होते. त्या दिवशी सगळ्या डबे घेऊन बाहेर कडुलिंबाखाली गेल्या. शोभाबाई माझ्यासमोरून गेल्या, पण नेहमीप्रमाणे 'जेवल्या का?' विचारलं नाही. मला वाईट वाटलं. रागही आला, साहेबांचा आणि त्या डागाचाही.

मी डाग असलेले नग एकीकडे लावले, नसलेले दुसरीकडे. आणि डागी नग डाग वर येईल असे पसरले. मग मला ते दिसलं. सगळे डाग एकाच जागी होते. आतून, खाली, डाव्या कोपऱ्यात. चुकून पडलेल्या डागाला जागेची शिस्त नसते. हा पडलेला नव्हता, लावलेला होता.

दुसरी गोष्ट नगांवरच्या टॅगवर होती. डागवाले सगळे नग शोभाबाईंच्या टेबलावरचे. स्वच्छ नग दुसऱ्या, वंदना इंगळेच्या टेबलावरचे.

मी कलीमभाईंकडे गेले. "तुम्ही धुताना कुठला साबण वापरता?"

"वही, सोडेवाला."

मी एक डागी कोपरा ओला केला आणि त्यावर साबण चोळला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. साध्या पाण्यात खळबळला, परत पिवळा झाला. कलीमभाईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. हा तर शाळेतला प्रयोग. हळदीचा कागद करायचा, त्यावर साबणाचं पाणी टाकायचं, कागद लाल होतो. शाळेतल्या पोराला कळलं असतं, केमिस्ट्रीवालीला अर्धा दिवस लागला.

एवढा वेळ लागण्याचं कारणही सांगते. नवा कपडा आला की अंगावर घालण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदीचं किंवा कुंकवाचं बोट लावायचं, ही रीत पुष्कळ घरांत आहे. आमच्या घरी नाही. आम्ही बौद्ध, आजोबांच्या काळापासून ते सगळं सुटलं. वंदनाच्या टेबलावरच्या बायकाही आमच्यासारख्याच घरांतल्या. मला ही रीत ऐकून माहीत होती, पण हाताला सवय नाही म्हणून डोळ्यालाही दिसली नाही. देशमुख साहेबांच्या घरी तर दर दिवाळीला त्यांच्या सदऱ्याला हळद लागत असणार. पण सदऱ्याच्या आत डोकावून कोण बघतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो दोघांनीही घातला होता.

मी आधी वंदनाला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"दिसत होतं ना मॅडम. पन ज्याची त्याची रीत हाये. मले वाटलं तुमी सांगतलं असंन."

मग शोभाबाईंकडे गेले. त्या कडुलिंबाखाली डबा झाकत होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या हातातला कोट पाहिला.

"हळद लावली का काकू याला?"

"लावली ना. मीनंच लावली, अन् माह्या टेबलावरच्या बायकायलेबी सांगतलं." त्यांच्या आवाजात ना भीती, ना लपवाछपवी. "सुयाच्या डब्यात पुडी हाये माह्या."

"पण कशासाठी?"

"आता नव्या कपड्याले हयद नाही लावत का कोनी?"

"काकू, हा नवा कुठे आहे? कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला आहे."

"फाटला होता तवा जुना होता," त्या म्हणाल्या. "शिवला, धडका झाला, नवा झाला. आता तो मानूस पयल्यांदा घालन त्याले. तसाच कोरा पाठवू का? कोनाच्या अंगावर जाते तो, चांगलं झालं पाह्यजे त्याचं."

सॅम्पलवर डाग का नव्हते, तेही मी विचारलं. "ते तं रुमाल होते," त्या म्हणाल्या. "रुमालाले काय हयद लावाची?"

"मग हे सकाळीच का नाही सांगितलं? साहेबांनी डबे बंद केले ना."

"इचारलं कोनी? त्यायनं म्हटलं रस्सा सांडला. रस्सा काई आमी सांडला नाही. हयदीचं इचारलं असतं तं हयदीचं सांगतलं असतं."

मी त्यांना सांगितलं, काकू, याच डागांमुळे लॉट नापास होईल आणि सेक्शन जाईल. तेव्हा मात्र त्यांचा डबा तसाच मांडीवर राहिला. "मीनं तं बऱ्यासाठी लावली व," एवढंच म्हणाल्या. इतक्या तोंडाळ बाईचा आवाज असा बारीक झालेला मला सोसवेना.

आता प्रश्न होता, हळद काढायची कशी. हळदीचा रंग मोठा विचित्र. साबणाला दाद देत नाही, उलट लाल होऊन डोळे वटारतो. ब्लीच टाकावं तर डाग जाईल, पण जुनं रंगीत कापडही पांढरं पडेल. कलीमभाईंनी दोन-तीन औषधं सुचवली, मी सगळी नाकारली. पण या रंगाला एक भीती असते, उन्हाची. आमच्या धंद्यात लाइट फास्टनेस म्हणून एक परीक्षा असते. रंग उजेडात किती टिकतो ते त्यात बघतात. हळद त्यात हमखास नापास होते. पाण्याला चिवट आणि उन्हाला भित्री. आणि महिना होता मे, गाव होतं अकोला.

मी साहेबांना म्हटलं, "गच्चीची किल्ली द्या."

गच्चीवर आम्ही सगळे कपडे उलटे करून पसरले. फक्त डागाचा कोपरा उन्हात, बाकी सगळं युनिफॉर्मच्या खाकी कापडाखाली झाकलेलं, म्हणजे कपड्यांचा रंग विटायला नको. कोपरे थोडे ओले केले. वंदनाच्या टेबलाचं काम स्वच्छ होतं, त्यांना यायची गरज नव्हती, पण त्याही आल्या. डोक्यावर पदर, दुपट्टे, भिजवलेले टॉवेल. शोभाबाईंचा आवाज परत आला. कुरडयांचं वाळवण घालावं तशा त्या हुकूम देत होत्या. याचा कोपरा वर कर, त्याच्यावर गोटा ठेव, कावळ्याकडे ध्यान दे. कावळ्याचा हळदीशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. अर्धे राहिलेले डबेही गच्चीवरच्या जिन्यात उघडले गेले. साहेबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पण दर थोड्या वेळाने ते वर यायचे. "गेला का?"

"नाही साहेब."

"आता?"

"साहेब, पी हळद अन् हो गोरी, असं नसतं."

हे ऐकून शोभाबाई इतक्या हसल्या, की त्यांना जिन्यात बसावं लागलं. दुपार उतरता उतरता डाग फिके झाले. रविवारी बायका सुट्टी असून एसटीने आल्या आणि परत वाळवण घातलं. संध्याकाळी मी एकेक कोपरा तपासला. गेले होते.

"अकोल्याच्या उनाले लोक नावं ठेवतेत," शोभाबाई म्हणाल्या. "आता ठेवा म्हना."

सोमवारी टेम्पोबरोबर मी आणि साहेब अमरावतीला निघालो, तर शोभाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून गेटवर उभ्या. "परीक्षा माही हाये. मी येतो," म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर पाहिलं. त्या साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या आणि मूर्तिजापूर यायच्या आत झोपल्या. साहेब मात्र बडनेऱ्यापर्यंत टेम्पोकडे वळून वळून बघत होते.

गोडाऊनमध्ये मिचिको सान लांब टेबलावर दिवा लावून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या हसल्या, शोभाबाईंचा हात हातात घेतला आणि मग हसू बाजूला ठेवून कामाला लागल्या. एकेक नग. टाके मोजल्यासारखे बघायच्या, मग उलटा करायच्या, मग फोटो. नग पास झाला की उजवीकडे. ढीग उजवीकडे सरकत होता. साहेब कपाळ पुसत होते. शेवटचे थोडे नग राहिले आणि मिचिको सान थांबल्या. एक हिरवं जाकीट होतं. त्यांनी त्याचा डावा कोपरा दिव्याखाली धरला. गच्चीवर तो दुमडून खाकी कापडाखाली राहिला असणार आणि तपासताना माझ्याही नजरेतून सुटला असणार. पिवळं बोट जसंच्या तसं.

"हा फोटोत नाही," त्या म्हणाल्या.

"टी स्टेन," साहेब पटकन म्हणाले. "चहा."

ग्राहकाच्या कपड्यावर चहा सांडणारं युनिट म्हणून पास होण्यात मला रस नव्हता. शिवाय तो आळ परत बायकांवरच आला असता. मी म्हटलं, "हळद आहे. सांडलेली नाही, लावलेली आहे." आणि सगळं सांगितलं. निम्म्या लॉटला होती, उन्हात घालवली, हा एक राहिला. मग शोभाबाईंचं वाक्यही सांगितलं, फाटला होता तेव्हा जुना होता, शिवला की नवा झाला.

साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

मिचिको सान जाकिटाकडे बघत राहिल्या. "पण कपडा नवा नाही," त्या म्हणाल्या. "जुना आहे म्हणून तर ग्राहकाने पाठवला. त्याचं जुनेपण दिसलं पाहिजे. तेच आपलं काम."

मी ते शोभाबाईंना सांगितलं. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"त्यायले म्हना, दिसू द्या की जुना. आमी कुठं झाकला? पांढरा दोरा घाला म्हटलं, पांढरा घातला. पन ज्याले घालाचा हाये त्याच्यासाठी नवाच हाये ना? नाहीतं फाटकाच घालून फिरला असता तो."

हे मी जमेल तसं इंग्रजीत केलं. मिचिको सान म्हणाल्या, "मला पटत नाही. पण समजलं." आणि जाकीट घडी न घालता साहेबांच्या हातात दिलं. "डाग तो डाग. ग्राहकाला विचारल्याशिवाय लावलेला. बाहेर ऊन आहे ना? मी थांबते."

मग गोडाऊनच्या अंगणात एक खुर्ची मांडली गेली. खुर्चीच्या पाठीवर जाकीट, जाकिटाचा एक कोपरा उन्हात. आणि भिंतीच्या सावलीत ओळीने आम्ही बसलो. मालक, क्वालिटीवाली, कारागीर आणि जपानची परीक्षक, चौघेही एका कोपऱ्याकडे टक लावून. मिचिको सानना शोभाबाईंनी दुपट्टा कसा गुंडाळायचा ते दाखवलं, फक्त डोळे उघडे राहतील असा. साहेबांनी उसाचा रस मागवला. शोभाबाईंचा ग्लास अर्धा राहिला, तेव्हा मिचिको सान दुपट्ट्याच्या आतून म्हणाल्या, "जीव होत नाही." शोभाबाईंनी रस संपवला.

ऊन कलायच्या आत डाग गेला. मिचिको सान जाकीट आत घेऊन गेल्या, भिंगाखाली पाहिलं, फोटोशी ताडलं आणि ते उजवीकडच्या ढिगावर ठेवलं.

"काय म्हनते?" शोभाबाईंनी मला विचारलं.

"पास. सगळा लॉट पास."

"पयल्या नंबरानं?"

"एका विषयात थांबावं लागलं."

"पास तं पास," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, घाम आला.

सेक्शन राहिला. युनिफॉर्मची मशिनं दुसऱ्या शेडमध्ये गेली. बायका रोज सकाळच्या एसटीने येतात आणि डबे परत जुन्या जागी उघडतात. भिंतीवर साहेबांनी नवा हुकूम लावला आहे, 'ग्राहकाच्या कपड्याला हळद लावू नये.' शोभाबाई तो पाळतात. कपड्याला लावायची ती हळद त्या आता सुयांच्या डब्याच्या झाकणाला लावतात. झाकण पार पिवळं झालंय, पण ते आमच्या तपासणीत येत नाही. जुना की नवा हा वाद मात्र मिटलेला नाही. मिचिको सान फोन करतात तेव्हा कामाचं बोलून झालं की विचारतात, "अजूनही नवा?" आणि शोभाबाई लांबूनच ओरडतात, "नवाच."

धंद्यात मी एक गोष्ट शिकले. डाग दिसला की 'कशाचा' हे आपण लगेच विचारतो. त्याआधी 'का' हे विचारावं. साबण वाचतो आणि लोकांचे डबेही.

कामावर मी पांढरा कोट घालते. त्याचा खिसा पेनांच्या ओझ्याने फाटला होता आणि मी त्याला सेफ्टीपिन लावून भागवत होते. पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी कोट खुंटीवरून गायब झाला. दुसऱ्या दिवशी परत आला, धुऊन, इस्त्री होऊन. खिशावर तांदळाच्या दाण्यांसारखे सरळ टाके. समोर शोभाबाई सुई ओवत बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

जित्याची खोड. मी कोट उलटा केला आणि डावा कोपरा वर केला. हळद नव्हती. तिथे निळ्या दोऱ्याची एक बारीक फुली होती.

"तुमच्यात हयद नाही लावत, ठाव हाये मले," शोभाबाई म्हणाल्या. "वंदनाले इचारलं. ते म्हने, निळं घाला. नव्याले काईतरी लागतेच ना."

निळी रिळं तर माझ्या कपाटात कुलपात होती. दोरा त्यांनी कुठून काढला, ते मी विचारलं नाही. कोट अंगात घातला आणि तपासणीला गेले.